अतिथंड तापमानात पॉलिमरचं इन्सुलेशन: अडचण नेमकी कुठे येते

प्रश्न असा आहे: द्रव नायट्रोजनच्या क्रायोस्टॅटमध्ये (अतिथंड ठेवणाऱ्या पात्रात) एका डिटेक्टरला ३ किलोव्होल्ट डीसी पोचवायचे आहेत. पुढे तीच जुळणी द्रव हेलियममध्ये वापरायची आहे. टेफ्लॉनची वायर, कॅप्टनची (पॉलिइमाइड या पॉलिमरची) टेप आणि जोडांवर इपॉक्सीचं पॉटिंग (ओतून केलेलं आवरण) असा बेत आहे. डेटाशीटवरचे सगळे आकडे २३ अंश सेल्सिअसचे आहेत. थंडीत ते सुधारतात की बिघडतात, आणि किती मार्जिन धरावं?

पदार्थ म्हणून बघितलं तर जवळजवळ प्रत्येक पॉलिमर थंडीत अधिक चांगला रोधक होतो. तरीही क्रायोस्टॅटमध्ये इन्सुलेशन फुटतंच. ते फुटतं पडलेल्या भेगेतून, शेजारच्या वायूतून, नाहीतर अडकून बसलेल्या विद्युतभारामुळे. डेटाशीटवर या तिन्हींपैकी एकाचाही आकडा नसतो. म्हणून २३ अंशांचे आकडे ७७ केल्विनला कसे बदलतात हे शोधण्यात फार वेळ घालवू नका. तो वेळ जोडांच्या भूमितीवर खर्च करा.

रोधकतेचं आधी उरकून टाकू. पॉलिमरमधून जी काही गळती होते ती अशुद्धीतल्या आयनांमुळे आणि एका सापळ्यातून (पदार्थातल्या अडकायच्या जागेतून) दुसऱ्यात उडी मारणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे. दोन्हींना उष्णतेचा धक्का लागतो. खोलीच्या तापमानाला ही औष्णिक ऊर्जा सुमारे ०.०२६ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, ७७ केल्विनला ०.००६६ आणि ४.२ केल्विनला जेमतेम ०.०००३६. ओलांडायचा अडथळा १ इलेक्ट्रॉनव्होल्टचा धरला, तर ३०० वरून ७७ केल्विनला येताना गळती १० च्या ४८व्या घाताइतक्या पटीने कमी व्हायला हवी. हा आकडा कागदावरचाच. त्याच्या खूप आधी टनेलिंग (इलेक्ट्रॉनाने अडथळा न चढता आरपार जाणं), नैसर्गिक किरणोत्सर्गाने तयार होणारे भार वगैरे गोष्टी वरचढ ठरतात. पण व्यवहारापुरता अर्थ स्पष्ट आहे: ७७ केल्विनला पॉलिमरच्या अंगातून होणारी गळती संपलेली असते. त्यामुळे १० च्या १५व्या घाताच्या रोधकतेचा पदार्थ घ्यावा की १८व्या घाताचा, हा प्रश्नच उरत नाही.

मोजायला गेलात तरी हाती फारसं लागणार नाही. रोधकता मोजायची प्रचलित पद्धत म्हणजे ५०० व्होल्ट लावायचे आणि ६० सेकंदांनी प्रवाह वाचायचा. थंड पॉलिमरमध्ये त्या साठाव्या सेकंदाला दिसतो तो वहनाचा प्रवाह नसतो. पदार्थ हळूहळू ध्रुवित होत असतो, त्याचा तो प्रवाह असतो आणि तो तासन्‌तास घटत राहतो. मेगरवर (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्रावर) आलेलं मूल्य हे ‘निदान इतकं तरी’ एवढंच सांगतं. शिवाय क्रायोस्टॅटमधली केबल उकळत्या द्रवामुळे थरथरते, आकुंचनाने तिचं आवरण तारेवर घासतं आणि त्या घर्षणाने निर्माण होणारे भार इलेक्ट्रोमीटरवर प्रवाह म्हणून दिसतात. फेम्टोअँपिअर मोजत असाल तर बऱ्याचदा तुम्ही केबलची हालचालच मोजत असता.

आता जरा थांबायची जागा. गळती नाही, म्हणजे आत शिरलेला भार बाहेर पडायला वाटही नाही.

पदार्थाची पारगम्यता (पर्मिटिव्हिटी) आणि रोधकता यांचा गुणाकार केला की भार ओसरायला लागणारा वेळ मिळतो. टेफ्लॉनची रोधकता खोलीच्या तापमानाला १० च्या १६व्या घाताइतके ओहम-मीटर धरली आणि डायलेक्ट्रिक स्थिरांक २.१ घेतला, तर हा वेळ येतो सुमारे १,८६,००० सेकंद, म्हणजे दोन दिवसांहून थोडा जास्त. हे उबदार अवस्थेतलं झालं. ७७ केल्विनला ‘कधीच नाही’ असं समजून चालायला हरकत नाही.

यातून निघणारी एक गोष्ट सोयीची आहे. उबदार डीसी इन्सुलेशनमध्ये निरनिराळ्या थरांत विद्युतक्षेत्र कसं वाटलं जाईल हे कालांतराने रोधकता ठरवते, आणि रोधकता तापमानाबरोबर कितीतरी पटींनी बदलते, त्यामुळे हिशेब किचकट होतो. थंडीत ती अवस्था येतच नाही. व्होल्टेज लावल्या क्षणी क्षेत्राची जी वाटणी झाली तीच टिकते आणि ती फक्त डायलेक्ट्रिक स्थिरांकांवर ठरते. म्हणजे डीसी असूनही गणित एसीसारखं करायचं. या स्थिरांकांत थंडीने फार फरक पडत नाही. ध्रुवीय पॉलिमरचा थोडा उतरतो, कारण ध्रुवीय गट गोठून जागीच अडकतात. टेफ्लॉन, पॉलिइथिलिन यांसारख्या अध्रुवीयांचा किंचित चढतो, कारण घनता वाढते.

दुसरी गोष्ट त्रासाची. टोकदार कडेजवळ, सोल्डरच्या काट्याजवळ इलेक्ट्रोडमधून पॉलिमरमध्ये भार टोचला जातो आणि तिथेच बसतो. व्होल्टेज त्याच दिशेने राहिलं तर हा भार टोकाची तीव्रता उलट कमीच करतो, त्यामुळे चाचणी छान पार पडते. मग कोणीतरी ध्रुवता बदलतं. आता अडकलेला भार आणि नवीन क्षेत्र एकमेकांत मिळतात आणि काल ५ किलोव्होल्ट सहन केलेला तुकडा आज ३ ला फुटतो. म्हणून थंड अवस्थेत ध्रुवता बदलायची नाही. बदलायचीच असेल तर आधी पूर्ण उबदार करा.

उबदार करतानाही सावधगिरी लागते. तापमान चढत जातं तसे निरनिराळ्या खोलीचे सापळे एकेक करून रिकामे होतात आणि भार बाहेर येतो. प्रयोगशाळांत हीच गोष्ट मुद्दाम घडवून आणतात आणि बाहेर येणाऱ्या प्रवाहाच्या शिखरांवरून सापळ्यांची खोली काढतात. तुमच्या जुळणीत हा भार डिटेक्टरच्या प्रीअँप्लिफायरमध्ये जाईल आणि पहिल्या पायरीचा ट्रान्झिस्टर घेऊन जाईल. त्यामुळे व्होल्टेज बंद केल्यावर केबल सोडवून मोकळी टाकू नका. दोन्ही टोकं ग्राउंडला शॉर्ट करा आणि खोलीच्या तापमानाला येऊन बराच वेळ होईपर्यंत शॉर्टच ठेवा. थंड अंतराळयानांत हाच प्रकार जास्त गंभीर होतो. तिथे भार वायरमधून येत नाही, वेगवान इलेक्ट्रॉन थेट इन्सुलेशनच्या आत रुततात आणि पॉलिमर थंड असेल तर ओसरतच नाहीत. पुरेसे साठले की आतल्या आत विसर्ग होतो.

आता ब्रेकडाउनच्या ताकदीबद्दल, म्हणजे किती विद्युतक्षेत्राला पदार्थ फुटतो त्याबद्दल. २५ मायक्रॉनच्या कॅप्टन फिल्मची ताकद डेटाशीटवर एका मिलिमीटरला सुमारे ३०० किलोव्होल्ट अशी दिसते. म्हणजे त्या एका पातळ थरावर सात-आठ किलोव्होल्ट. थंडीत हा आकडा तेवढाच राहतो किंवा थोडा वाढतो, आणि त्याला कारण आहे. पॉलिमर फुटायचे जे मार्ग असतात त्यांतला गळतीने तापून आणखी गळती वाढण्याचा मार्ग गळतीच नसल्यामुळे बंद होतो. विद्युतक्षेत्राच्या दाबाने मऊ पदार्थ चेपला जाऊन पातळ होण्याचा मार्गही पदार्थ कडक झाल्याने बंद होतो. उरतो तो फक्त इलेक्ट्रॉनांच्या हिमस्खलनाचा (एकाच्या धडकेने आणखी इलेक्ट्रॉन सुटत जाण्याचा). पण ही ताकद लहानशा, निर्दोष तुकड्याची, काही सेकंदांच्या चाचणीतली असते. डिझाइनसाठी मी तिचा दहावा भागसुद्धा धरत नाही. तसंही तुमच्या ३ किलोव्होल्टला पॉलिमरची अंगची ताकद कुठेच आडवी येणार नाही.

आडवं येतं ते आकुंचन. खोलीच्या तापमानापासून ४ केल्विनपर्यंत तांबं सुमारे ०.३३ टक्के आकसतं, स्टेनलेस स्टील ०.३, अॅल्युमिनियम ०.४१. याउलट भर न घातलेलं इपॉक्सी १.१ ते १.२ टक्के आणि टेफ्लॉन तब्बल २.१ टक्के. आता तुमचा जोड डोळ्यांसमोर आणा: मध्ये तांब्याची पिन, भोवती साध्या इपॉक्सीचा गोळा. इपॉक्सीला पिनपेक्षा ०.८ टक्के जास्त आकसायचं आहे, पण पिन आकसू देत नाही. थंड इपॉक्सीचा लवचिकता गुणांक सुमारे ७ गिगापास्कल धरला तर गोळ्यात ५५ मेगापास्कलच्या आसपास ताण बसतो, तोही एका दिशेचाच हिशेब केला तर. पिनची कड धारदार असेल, खाचा असतील, तर त्या जागी याच्या दुप्पट-तिप्पट. आणि या तापमानाला ताण सैल व्हायला पदार्थाकडे काही सोय नसते, त्यामुळे तो सरळ तडकतो. कधी खट्‌ असा आवाज येतो, बहुतेकदा येतही नाही.

तडकल्यावर विद्युतदृष्ट्या काय होतं ते एका उदाहरणाने बघू. पिन आणि ग्राउंड यांच्यात ३ मिलिमीटर इपॉक्सी आहे, म्हणजे क्षेत्र मिलिमीटरला १ किलोव्होल्ट. अगदी निवांत. आता क्षेत्राला आडवी अशी ०.१ मिलिमीटरची चपटी भेग पडली. इपॉक्सीचा स्थिरांक ४ च्या आसपास, भेगेतल्या वायूचा १. त्यामुळे भेगेतलं क्षेत्र चौपट होतं, मिलिमीटरला ४ किलोव्होल्ट, म्हणजे भेगेवर ४०० व्होल्ट. भेगेत हेलियम असेल तर तो किती सहन करेल?

इथे १८८९ साली फ्रिडरिश पाशेनने मांडलेला नियम कामी येतो. वायू किती व्होल्टेजला फुटेल हे वायूचा दाब आणि फटीचं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं, आणि या वक्राला एक किमान बिंदू असतो. हेलियमसाठी तो सुमारे १५६ व्होल्ट, टॉर (दाबाचं एकक) आणि सेंटिमीटरचा गुणाकार ४ असताना. आपल्या ०.१ मिलिमीटरच्या भेगेत हा गुणाकार ४ व्हायला दाब हवा ४०० टॉर, म्हणजे अर्ध्या वातावरणाच्या आसपास. म्हणजे खोलीच्या तापमानाला, अर्ध्या वातावरणाच्या हेलियममध्ये ही भेग नेमकी किमान बिंदूवर बसते. सहनशक्ती १५६, वाट्याला आलेले ४००. विसर्ग सुरू.

मग थंड असताना ही भेग का त्रास देत नाही? कारण पाशेनच्या नियमात खरं महत्त्व दाबाला नसून घनतेला आहे. एका वातावरणाच्या दाबाला ४.२ केल्विनचा हेलियम वायू खोलीतल्या हेलियमपेक्षा जवळजवळ शंभरपट दाट असतो, म्हणून तीच भेग तिथे कितीतरी जास्त व्होल्टेज सहन करते. सगळं थंडगार, द्रवाने भरलेलं असताना घेतलेली चाचणी त्यामुळे फसवी ठरते. धोका असतो तो अवस्था बदलण्याच्या काळात: थंड करताना, उबदार करताना, द्रव संपल्यावर, आणि व्हॅक्यूमला गळती लागल्यावर. सुपरकंडक्टिंग चुंबकांत हा योग फारच वाईट जुळून येतो. चुंबक क्वेंच होतो (त्याची अतिवाहकता अचानक जाते) तेव्हा कॉइलवर सगळ्यात जास्त व्होल्टेज येतं, आणि त्याच क्षणी आतला हेलियम उकळून, तापून विरळ होत असतो. ग्राइफ्सवाल्डच्या वेंडेलश्टाइन ७-एक्स या फ्यूजन यंत्राच्या कॉइलची विरळ वायूत व्होल्टेज लावून तपासणी केली, तेव्हा साध्या हवेतल्या चाचणीत न दिसलेले इन्सुलेशनचे दोष सापडले. या प्रकाराला आता सर्रास पाशेन चाचणी म्हणतात आणि आयटर या आंतरराष्ट्रीय फ्यूजन प्रकल्पाच्या कॉइलसाठीही ती केली जाते.

उघड्या टर्मिनलांनाही हेच लागू. सेंटिमीटरभर अंतरासाठी नायट्रोजनचा किमान बिंदू साधारण १ मिलिबारला आणि २५० व्होल्टच्या आसपास येतो, हेलियमचा ५ मिलिबारच्या जवळपास. तुमचा व्हॅक्यूम १० च्या उणे ४थ्या घाताच्या मिलिबारखाली असेल तर चिंता नाही. पण पंप चालू करून व्हॅक्यूम बनत असताना हाय व्होल्टेज चालू राहिलं, तर ३ किलोव्होल्ट काय, ३०० व्होल्टसुद्धा निळसर-जांभळा प्रकाश पाडतील. प्रेशर गेजवरून हाय व्होल्टेज आपोआप बंद होईल असं इंटरलॉक बसवाच. या एका गोष्टीवर मी तडजोड करत नाही.

आता तुमच्या तिन्ही पदार्थांकडे वळू.

टेफ्लॉनची वायर चालेल, फक्त टोकांकडे नीट लक्ष द्या. मीटरभर वायरीत तांबं ३ मिलिमीटर आकसतं आणि टेफ्लॉनला २१ मिलिमीटर आकसायचं असतं. टेफ्लॉन कशालाच चिकटत नाही, त्यामुळे बाही वर सरकावी तसं आवरण तारेवरून मागे सरकतं आणि सोल्डरजवळ उघड्या तांब्याची मान दिसायला लागते. उबदार झाल्यावर ते पूर्ण परत येतंच असं नाही. काही फेऱ्यांनंतर ही मान कायमचीच होते आणि नेमकी ग्राउंडच्या ब्रॅकेटशेजारी असते. उपाय म्हणजे वायरचे तुकडे लहान ठेवा, टोकाजवळ आवरण यांत्रिकपणे पकडून ठेवा आणि उघडा भाग निराळ्या कॅप्टन नळीने लांबवर झाका. साध्या, एचिंग न केलेल्या (रसायनाने पृष्ठभाग खरखरीत न केलेल्या) टेफ्लॉनवर इपॉक्सी धरत नाही. त्या सीमेवर पहिल्याच गारव्यात फट पडते आणि ती फट पिनपासून बाहेरपर्यंत सलग असते. जुळणी किरणोत्सर्गात राहणार असेल तर मात्र टेफ्लॉन अजिबात नको. काही हजार ग्रेला (ग्रे हे किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक) त्याचा भुगा व्हायला लागतो, कॅप्टन त्याच्या हजारपट मात्रा झेलतं.

कॅप्टन डोळे झाकून वापरा. ४ केल्विनलाही त्याची पातळ फिल्म वाकते. हे जरा चमत्कारिक आहे, कारण त्याचं काचसंक्रमण (ज्या तापमानाखाली पॉलिमर काचेसारखा कडक होतो ते) ३५० अंश सेल्सिअसच्याही वर आहे. उलट सिलिकोन रबराचं उणे १२० च्या आसपास आहे, तरी ७७ केल्विनला ते काचेसारखं फुटतं. संक्रमणाचं तापमान कमी म्हणजे थंडीत चांगला, हा ठोकताळा इथे उपयोगी पडत नाही. तिथे सगळेच पॉलिमर काच झालेले असतात, आणि मग साखळीच्या लहान तुकड्यांना किती हलता येतं आणि थर किती पातळ आहे यावर सगळं ठरतं. टेप गुंडाळताना निम्मा थर निम्म्यावर येईल अशी गुंडाळा. पण टेपच्या थरांमधून नागमोडी वाट असते आणि हेलियम त्या वाटेने आत जातो, हे लक्षात ठेवा. सर्नच्या एलएचसीमधल्या चुंबकांत, १.९ केल्विनला, ही वाट मुद्दाम ठेवली आहे, म्हणजे अतिप्रवाही हेलियम तारेपर्यंत पोचून उष्णता काढून घेतो. तुमच्या बाबतीत तीच पृष्ठभागावरून सरकणाऱ्या विसर्गाची वाट ठरते, म्हणून तिची लांबी मोजून धरा. पीव्हीसीचं काही आत राहिलं असेल तर काढून टाका.

साधं पारदर्शक इपॉक्सी टाळा. अॅल्युमिना किंवा सिलिकाची भर घातलेलं घ्या, त्याचं आकुंचन धातूंच्या बरंच जवळ येतं. गोळा लहान ठेवा. भरपूर थापलं की जास्त सुरक्षित, असं अनेकांना वाटतं, पण जाड गोळाच आधी तडकतो. पिनच्या कडा गोल करा आणि मिश्रण व्हॅक्यूममध्ये ठेवून बुडबुडे काढा. अंतर राखणाऱ्या तुकड्यांसाठी काचतंतू-इपॉक्सीचे पत्रे उत्तम. पण विणीच्या दिशेने ते फक्त पाव टक्का आकसतात आणि जाडीच्या दिशेने ०.७ टक्के, म्हणून कापताना दिशा बघा.

एसीचे नुकसान (इन्सुलेशनमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा) तुमच्या डीसी कामात गौण आहे, म्हणून थोडक्यात. थंडीत टॅन डेल्टा (या नुकसानाचं माप) बहुतेकदा खूप उतरतो. अपवाद मजेशीर आहेत: पॉलिइथिलिनमध्ये घातलेल्या अँटिऑक्सिडंटच्या हायड्रॉक्सिल गटांमुळे द्रव हेलियमच्या तापमानाला त्यात नुकसानाचं वेगळं शिखर दिसतं. संवेदनशील सिग्नलसाठी हे महत्त्वाचं, कारण ४ केल्विनला निर्माण झालेला एक वॉट काढायला बाहेर काहीशे वॉट खर्च होतात.

मार्जिन आणि चाचणीचं विचारलंत. दुप्पट अधिक १ किलोव्होल्ट हा प्रचलित नियम घ्या, म्हणजे ७ किलोव्होल्ट डीसी, त्याच ध्रुवतेने, प्रवाहाला मर्यादा घालून. पण आधी जुळणी निदान दहा वेळा द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून काढा, नंतर चाचणी घ्या. कोऱ्या तुकड्याच्या चाचणीला काही किंमत नाही. बाहेर काढताना ती कोरड्या नायट्रोजनच्या पिशवीत उबदार होऊ द्या. उघड्यावर ठेवलीत तर हिम जमतं, वितळतं आणि मेगर मेगओहममध्ये उतरतो. मग शाबूत इन्सुलेशनमध्ये लोक दिवसभर दोष शोधत बसतात. जमलं तर पार्शल डिस्चार्जही (पोकळ्यांत होणारे छोटे अर्धवट विसर्ग) मोजा. भेग असल्याचं ते ब्रेकडाउनच्या खूप आधी सांगतं.

हेलियमकडे जाताना यांत्रिक बाजू जवळजवळ तयारच असेल, कारण ४ केल्विनपर्यंतच्या आकुंचनाचा सुमारे नऊ दशांश भाग ७७ केल्विनलाच होऊन गेलेला असतो. नायट्रोजनमध्ये दहा फेऱ्या टिकलेला जोड हेलियममध्ये सहसा तडकत नाही. विद्युतदृष्ट्या मात्र नायट्रोजनची चाचणी तिथे उपयोगाची नाही. वायू बदलला, किमान बिंदू २५० वरून १५६ व्होल्टवर आला, आणि हेलियम अशा सूक्ष्म फटींत शिरतो जिथे नायट्रोजन पोचलाच नव्हता. म्हणून जुळणी खोलीच्या तापमानाला हेलियम वायूत ठेवा, दाब एका वातावरणापासून १ मिलिबारपर्यंत हळूहळू उतरवत न्या आणि ३ किलोव्होल्ट कायम ठेवून प्रवाह बघत राहा. या चाचणीत एकही उघडं टर्मिनल टिकणार नाही, म्हणजे सगळं पूर्ण झाकल्यावरच ती घेता येईल.